अरण्याचे यजमानपद

समुद्राने वेढलेल्या लहानशा बेटावरील एखादे गाव प्रवाशांच्या वर्दळीने कसे पालटून जाते, याच्या कथा अलीकडे वारंवार वाचनात येतात. फिलिपीन्समधील बोराकाय हे बेट सांडपाण्याने इतके नासले की तेथील सरकारला २०१८ साली एप्रिलच्या अखेरीपासून सहा महिने ते प्रवाशांना संपूर्ण बंद ठेवावे लागले. बालीच्या शासनाने २०२४ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशावर दीड लाख रुपियांची पट्टी बसवली. या कथा बहुधा घाणीच्या, गर्दीच्या आणि पाण्याच्या टंचाईच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि तेवढ्यापुरत्या त्या खऱ्याही आहेत. परंतु त्यांच्या तळाशी असलेला प्रश्न मला निराळा वाटतो. जे गाव पाहावयास लोक दुरून येतात, त्या गावाला येणाऱ्याला ‘या’ म्हणण्याचा आणि प्रसंगी ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार उरला आहे की नाही, हा तो प्रश्न होय. तो अधिकार ज्याच्यापाशी आहे तो यजमान. तो अधिकार गेला की त्याच घरात राहणारा मनुष्य आचारी होतो, पहारेकरी होतो, वाटाड्या होतो, किंवा नुसती अडगळ होतो, पण यजमान राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी चांदा-गडचिरोलीकडच्या माणसाला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आमच्याकडे अशी बेटे दोन आहेत. एक ताडोब्याच्या फाटकावरचे मोहर्ली: एका अंगाला इरई धरणाचा पसरलेला जलाशय आणि उरलेल्या अंगांना साग, ऐन, मोह आणि बांबूचे रान, अशा मधल्या जागेत वसलेले गाव, ज्याचे नाव वाघ पाहू इच्छिणाऱ्या लोकांच्या तोंडी आता महाबळेश्वर-माथेरानाइतके रुळले आहे. दुसरे भामरागड: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांच्या संगमावरचे, दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने जगापासून तुटून खरोखरच बेट होणारे. पहिले पर्यटनाच्या ऐन भरात आहे. दुसऱ्याच्या उंबरठ्यावर पर्यटन नुकतेच येऊन उभे राहिले आहे. पहिल्याचा अनुभव दुसऱ्याच्या कामी यावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारा रस्ता हा या जिल्ह्याचा सबंध इतिहास अर्ध्या-पाऊण तासात दाखवणारा आहे. शहर सुटते न सुटते तोच दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणी लागतात, उपसलेल्या मातीचे डोंगर दिसतात, मग ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राची धुराडी येतात, आणि ज्या इरईच्या काठावर आज प्रवासी पाणपक्ष्यांची छायाचित्रे घेतात तिचे धरणही याच केंद्राला पाणी मिळावे म्हणून बांधलेले आहे हे ध्यानी येते. पद्मापूरचा नाका ओलांडला की झाडे दाटतात आणि हवा पालटते. आगरझरी मागे पडते आणि रिसॉर्टांच्या पाट्या सुरू होतात. कुंपणाच्या भिंती, त्यांतून डोकावणारी हिरवळ, पोहण्याच्या तलावांची जाहिरात, आणि प्रत्येक पाटीवर वाघ. गावात शिरावे तर किराणा दुकानात मीठ-मिरचीच्या शेजारी वाघाचे चित्र छापलेल्या बनियनी टांगलेल्या, आणि ज्या ओसरीवर पूर्वी धान वाळत असे तिच्यावर खोल्या भाड्याने मिळतील असा फलक. यात मला वावगे काही वाटत नाही. ज्या गावाला शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर आणि वनखात्याच्या रोजंदारीवर जगावे लागले, त्याने चार पैसे मिळवण्याची वाट धरली तर तिला नाक मुरडण्याचा अधिकार शहरातल्या कोणाला नाही. माझा आक्षेप त्या फलकाला नाही. तो फलक लावणाऱ्याच्या मागे जे घडले त्याला आहे.

जे घडले ते समजण्यासाठी जुन्या दप्तरात शिरावे लागते. हा सारा मुलूख गोंड राजांचा. पुढे भोसल्यांचा, मग इंग्रजी अमलात मध्यप्रांताचा. मध्यप्रांताच्या जमीन-बंदोबस्तात प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला, म्हणजे त्या गावाचे रिवाज आणि हक्क यांची नोंद झाली. कोणत्या रानातून जळण आणावे, कोठे गुरे चारावीत, घरासाठी लाकूड आणि कुडासाठी बांबू कोठून तोडावा, हे हक्क ‘निस्तार’ या नावाने ओळखले गेले. मालगुजारांनी जुलूम पुष्कळ केला, निस्तारासाठी वेठही घेतली, पण गावाचा रानाशी संबंध आहे ही गोष्ट त्यांनाही नाकारता आली नाही. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, खासगी रान सरकारजमा झाले, आणि गावकऱ्यांना वाटले की आता रान आपले झाले; प्रत्यक्षात ते मालगुजाराकडून वनखात्याकडे गेले. चांदा जिल्हा मध्यप्रदेशात असतानाच, १९५५ मध्ये, ताडोब्याच्या तलावाभोवतालचे सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. आजच्या महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने उद्यान. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१० मध्ये त्याच्या सभोवती अकराशे चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र आखले गेले, ज्यात सुमारे ऐंशी गावे आली. प्रत्येक टप्प्याला कारण होते, आणि ते कारण बहुधा सयुक्तिकच होते. वाघ वाचवायचा तर त्याला निर्वेध रान हवे, हे मला मान्य आहे. परंतु निर्वेध या शब्दाची अंमलबजावणी कोणावर झाली, हे पाहिले पाहिजे.

रानाच्या पोटातली गावे एकामागून एक उठली. बोटेझरी आणि कोळसा या गावाचा काही भाग २००७ च्या सुमारास मूलकडच्या भगवानपूरला गेला. पुढच्या दशकात नवेगाव उठले, जामणी उठली. २००८ पासून केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची तजवीज होती. काही कुटुंबे राजीखुशीने गेली, हेही खरे आहे. शाळा नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही, रात्री पोटात दुखले तर सकाळपर्यंत थांबावे लागते, अशा ठिकाणी केवळ पूर्वज राहिले म्हणून मुलाबाळांना ठेवणे कोणाला गोड वाटेल? पण ज्या रानातून माणसाचे घर उठवायचे कारण माणसाच्या वावराने वाघाची शांतता भंगते हे होते, त्याच रानात दुसरी माणसे रोज दोन वेळा, पैसे देऊन, इंजिनांच्या गाड्यांतून नेली जातात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले, आणि गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन चालावे अशी मर्यादा ठरली. वीस टक्के थोडे की फार, हा वाद मी घालीत नाही. मला एवढेच दिसते की त्या वीस टक्क्यांच्या हिशेबात प्रवाशाला जागा सापडली. ताडोबादेवाच्या भक्ताला मात्र ती सहजासहजी सापडत नाही.

ताडोबादेवाची गोष्ट या प्रांती सर्वांना ठाऊक आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, आणि तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले. वाघाने मारलेल्या माणसाचा देव व्हावा आणि त्या देवाच्या नावाने वाघांचे रान ओळखले जावे, यात गोंडांचे जे मनोगत आहे ते कोणत्याही वन्यजीव-शास्त्राच्या ग्रंथाहून मला कमी प्रौढ वाटत नाही. वाघ शत्रू नव्हे, आणि खेळणेही नव्हे. तो रानाचा एक धनी, आणि त्याच्याशी गाठ पडून मेलेला माणूस दुसरा धनी. पौषात येथे जत्रा भरत असे; गावोगावची माणसे बैलबंड्या जुंपून, बायकापोरे घेऊन येत, काठावर स्वयंपाक करीत आणि परत जात. आता त्या ठाण्याशी जाणाऱ्यावर कायद्याची आणि प्रशासनाची बंधने आहेत. त्या बंधनांना कारणे असतील. पण त्याच तलावाच्या काठाने प्रवाशांची जिप्सी दिवसातून दोनदा जाते, आणि तिच्यात बसलेल्यांना वाटाड्या ते ठाणे बोट करून दाखवतो. देव भक्तांना वर्षाकाठी क्वचित आणि परक्यांना रोज दिसावा, ही व्यवस्था कोणत्याही देवळाच्या विश्वस्तांनी केली असती तर गावाने त्यांना जाब विचारला असता.

या विषमतेचे अगदी जवळून दर्शन घ्यावयाचे असेल तर एप्रिलमधील एक पहाट पुरेशी आहे. उजाडण्यापूर्वी मोहर्लीच्या फाटकाशी गाड्या रांगेला लागतात. हिरव्या पोशाखातला गाईड परवान्यावरची नावे ओळखपत्रांशी ताडून घेतो, मागच्या बाकावरचे प्रवासी पहाटेच्या गारव्यात शाली लपेटून बसलेले असतात, आणि फाटक उघडण्याच्या वेळेकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. नेमक्या त्याच वेळेला बफरमधल्या गावांतून बाया टोपल्या घेऊन निघतात. कारण मोहफूल रात्री गळते आणि पहाटे वेचावे लागते, उशीर केला तर गुरे-हरणे खातात आणि ऊन चढले की फूल मलूल होते. मोहाखाली पाला साफ केलेला असतो. त्या जागेवर बाई उकिडवी बसते, मान खाली, दोन्ही हात जमिनीवर, आणि एकेक रसरशीत पिवळट फूल उचलून टोपलीत टाकीत पुढे सरकते. उकिडव्या बसलेल्या माणसाची उंची आणि आकृती वाघाला सावजासारखी भासते, असे या भागातले अनुभवी लोक सांगतात. तिच्या हाती परवाना नाही, तिच्याबरोबर गाईड नाही, तिला गाडीची उंची नाही. मोहानंतर तेंदूचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा, आणि त्यावर पावसाळ्याच्या बी-बियाण्याची तजवीज करायची. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. एकाच रानात, एकाच पहाटे, एक मनुष्य वाघ दिसावा म्हणून प्रार्थना करतो आणि दुसरा तो दिसू नये म्हणून. पहिल्याची प्रार्थना फळावी यासाठी साऱ्या राज्याची यंत्रणा राबते.

असे लिहिले म्हणजे मी पर्यटनाचा वैरी ठरेन, म्हणून दुसरी बाजूही पुरतेपणी मांडणे माझे कर्तव्य आहे. ताडोब्याच्या दक्षिणेस लोहारा येथील रानात कोळशाची मोठी खाण काढण्याचे घाटत होते, त्या वेळी, २००९ मध्ये, चंद्रपूरच्या लोकांनी उपोषणे केली, मोर्चे काढले, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अखेर तो प्रस्ताव पुढे जाऊ दिला नाही. त्या लढ्यात लोकांच्या हाती जे बळ होते त्यात ताडोब्याच्या कीर्तीचा वाटा मोठा होता. ज्या रानाला देशभर कोणी ओळखत नाही त्याच्या खालचा कोळसा काढून नेताना कोणी फारसे अडत नाही. शिवाय मोहर्ली-कोलाऱ्याच्या परिसरातील कितीतरी तरुण, जे एरवी नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर गेले असते, ते गाईड झाले, चालक झाले; त्यांतल्या काहींना पक्ष्यांच्या आवाजावरून जात ओळखण्याचे आणि पानावरून झाड सांगण्याचे जे ज्ञान आहे ते पाहून मी थक्क झालो आहे. मुलीही गाईड झाल्या आहेत आणि गाड्या हाकतात. प्रवेशशुल्काचा काही भाग ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत गावांकडे जातो. हे सर्व खरे आणि स्वागतार्ह आहे. मात्र गाईडाची फी एकीकडे ठेवावी आणि ज्या जमिनीवर रिसॉर्ट उभे आहे तिचे एका रात्रीचे भाडे दुसरीकडे ठेवावे, म्हणजे रानाचे उत्पन्न कोणाच्या घरी जाते ते कळेल. जमीन एकदा विकली की विकली. तिचे पैसे घर बांधण्यात आणि लग्नात संपतात, आणि विकणाऱ्याचा मुलगा त्याच जमिनीवर वाढपी म्हणून उभा राहतो.

याहून खोल हानी रानाच्या अर्थाची होते, असे मला वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मोठ्या हौसेने, खर्च करून आलेल्या प्रवाशाला वाघच हवा असतो. अर्जुनाची पांढरी खोडे, मेमध्ये पेटल्यासारखा दिसणारा बहावा, जांभळीच्या ओढ्यात उतरणारे गवे, रानकुत्र्यांचा कळप, रात्रीच्या पाऊलखुणांनी भरलेली धूळ, हे सर्व त्याला वाघापर्यंतच्या वाटेवरचा विलंब वाटते. मग वाघांना नावे पडतात, त्यांच्या वंशावळी लिहिल्या जातात, माया आणि वाघडोह यांची ख्याती देशोदेशी जाते. आणि गाड्या एका पाणवठ्याशी गर्दी करतात. २०२४ च्या शेवटच्या दिवशी ताडोब्याच्या उत्तरेस उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवून एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह कोंडले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. दोष गाड्या हाकणाऱ्यांवर आला, त्यांना शिक्षाही झाली. पण वाघ दाखवला नाही तर बक्षिसी बुडते, अशा स्थितीत त्या चालकाला कोणी ठेवले, याचा विचार झाला नाही.

येथे मला २०२१ च्या नोव्हेंबरातली घटना आठवल्याशिवाय राहत नाही. व्याघ्रगणनेच्या कामासाठी कोलारा परिक्षेत्रात पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला याच माया वाघिणीने ओढून नेले. सोबतीला वनमजूर होते, हातात काठ्या होत्या. पण त्यांचे काही चालले नाही. त्याच मायेला पाहण्यासाठी देशभरातून माणसे येत. त्या वनरक्षकाचे काम हे रानाचे खरे काम होते: पायी चालणे, खुणा वाचणे, विष्ठा आणि पंजाचे ठसे नोंदवणे. ज्यांच्या अशा चालण्यावर रान टिकले त्यांच्यात वनखात्याचे हे खालच्या पायरीवरचे लोक आहेत आणि गावकरीही आहेत. या दोघांत वर्षानुवर्षे वैर माजवले गेले हे दुर्दैव. वस्तुतः गाडीत बसून रान पाहणाऱ्यापेक्षा हे दोघे एकमेकांच्या किती जवळ आहेत!

मग उपाय काय? पर्यटन बंद करा, असे मी म्हणत नाही. बोराकायप्रमाणे दार लावून घेणे हा रोगावरचा उपवास आहे, औषध नव्हे. शुल्क वाढवा, गाड्या कमी करा, मोबाइलला मनाई करा, हे उपाय योग्य आहेत, पण ते सारे व्यवस्थेचे उपाय आहेत. मूळ प्रश्न अधिकाराचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ते याच दोन जिल्ह्यांत, कायद्याच्या भाषेत आणि लोकांच्या आचरणात, लिहून ठेवलेले आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्याने केवळ भिंतीवर रंगवली नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासमंडळे चालवली, सर्वांच्या सहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असा दंडक पाळला, निस्तारहक्कांची जुनी कागदपत्रे धुंडाळली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळवला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते मोडते. पुढे बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना द्यायचा कोणी, यावर वनखात्याशी झगडा झाला, आणि २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. परवाना कोण फाडतो, ही क्षुल्लक बाब नव्हे. इंग्रजी अमलापासून या रानात सत्तेचे चिन्ह तेच होते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव मला याहूनही मननीय वाटते. २०१२ मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टर रानाचा हक्क मिळाला. बांबूपासून गावाला चांगले उत्पन्न होऊ लागले. त्याच गावाने तेंदूपत्ता तोडणे आपण होऊन बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. आणि हजारातले चौतीस हेक्टर रान देवाचे म्हणून राखून ठेवले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाविषयी मोठ्या आत्मीयतेने लिहिले आहे. हातचे उत्पन्न सोडणे आणि काही भाग अस्पर्श ठेवणे, हे ज्याला जमते तोच रानाचा यजमान. अधिकाऱ्याने निर्वेध क्षेत्र आखले तर ते कुंपण होते. ग्रामसभेने आखले तर ती देवराई होते, आणि तिची राखण करायला वेगळा शिपाई लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की जो अधिकार बांबूच्या बाबतीत मान्य झाला तो पर्यटनाच्या बाबतीतही मान्य व्हावा. ज्या गावाच्या सामूहिक हक्काच्या रानातून अथवा ज्याच्या शिवेवरून प्रवाशांची वाट जाते, त्या गावाच्या ग्रामसभेने ठरवावे की किती गाड्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी. मोहाच्या हंगामात सकाळची फेरी असावी की नसावी. देवाच्या ठाण्यासमोर गाडी थांबावी की नाही. शिवारातली जमीन बाहेरच्याला विकावी की भाड्याने द्यावी. परवाना ग्रामसभेचा असावा, शुल्क तिच्या खात्यात जमा व्हावे, आणि वनखात्याने तज्ज्ञाचे व पाहणी करणाऱ्याचे काम करावे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने गाव उठवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक मानली आहे. जाण्यासाठी ज्याची संमती लागते, त्याची संमती येणाऱ्याला आत घेण्यासाठी का लागू नये?

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की ग्रामसभा पैशाला भुलतील आणि रान विकून टाकतील. भुलणारी गावे असतील. लोकांच्या हाती सत्ता आली की चुका होतातच. पण गेल्या दीडशे वर्षांत या प्रांतातले साग कापून रेल्वेचे स्लीपर करणारे, बांबू कागदकारखान्याला मातीमोलाने देणारे आणि कोळशासाठी टेकड्या उलथणारे निर्णय कोणत्या ग्रामसभेने घेतले होते? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वाघ राष्ट्राचा आहे, एका गावाचा नाही. हे मला सर्वथा मान्य आहे. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, आणि त्यांतला मोठा वाटा या प्रदेशाचा. राष्ट्राला त्याचा अभिमान वाटावा हे रास्त आहे. परंतु राष्ट्राची ठेव जो आपल्या अंगणात सांभाळतो, तिच्यासाठी गुरे गमावतो आणि कधी माणूसही गमावतो, त्याला राष्ट्राने मजूर मानावे की भागीदार? वाघ राष्ट्राचा म्हणून वाघाच्या संरक्षणाचे नियम राष्ट्राने करावेत; पण वाघाच्या दर्शनाचा व्यवहार हा निराळा विषय आहे, आणि तो राष्ट्राच्या नावाने चालावा, त्याचा लाभ मात्र मोजक्या मालकांच्या घरी जावा, यात राष्ट्रहित कोणते आहे ते मला समजत नाही.

हे सर्व आता गडचिरोलीच्या संदर्भात तातडीचे झाले आहे. १९८२ च्या ऑगस्टात चांद्यातून वेगळा झालेला हा जिल्हा चार दशके नक्षली बंदुकीच्या छायेत राहिला. त्यामुळे जे घडू शकले नाही ते आता फार वेगाने घडेल. २०२५ च्या पहिल्या दिवशी अहेरी ते गर्देवाडा एसटीची पहिली बस धावली, आणि ज्या गावांतल्या माणसांना तालुक्याला जायला पायपीट करावी लागे ती तीत बसली. या आनंदात मी मनापासून सहभागी आहे. पण त्याच रस्त्याने सुरजागडचे लोहखनिज भरलेले ट्रकही जातात, आणि ज्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे व जेथे जानेवारीत यात्रा भरते तेथून ते निघतात. हेमलकशाला, जेथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्पाची पहिली झोपडी उभी राहिली, तेथे आता सुट्ट्यांत बसगाड्या लागतात; तेथील कार्यकर्त्यांनी पाहुण्यांना वेळ देताना रुग्ण आणि शाळा यांना आधी मानले, म्हणून ती वर्दळ अद्याप पचते आहे. मार्कंड्याची देवळे, आलापल्लीचे वनवैभव, सोमनूरचा संगम, सिरोंच्याजवळचे वडधमचे जीवाश्म, यांच्यावर आराखडे तयार होतील आणि व्हावेतही. भामरागडच्या त्रिवेणीवर पहिले पंचतारांकित कुंपण पडण्याआधी तेथील ग्रामसभांना बोलावून, माडिया भाषेत समजावून, मोहर्लीची सहल घडवून आणून, मग त्यांचे मत विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोहर्लीच्या गाईडांनी भामरागडच्या तरुणांशी मनमोकळे बोलावे. जमीन विकलेल्याने न विकलेल्याला काय सांगायचे ते सांगावे. सरकारी अहवालापेक्षा अशा एका बैठकीचा उपयोग अधिक होईल. आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, वनहक्क कायदा २००६ पासून आहे, आणि गडचिरोली हा सामूहिक वनहक्क मिळवण्यात देशात अग्रेसर असलेला जिल्हा आहे. तेव्हा नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

अहेरी तालुक्यातील कमलापूरच्या हत्तीकॅम्पाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाचा हा हत्तीकॅम्प; रानातली लाकडे ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींची पुढची पिढी आता तेथे राहते, आणि लोक त्यांना पाहायला दुरून येतात. २०२२ मध्ये या भागातील पाळीव हत्ती गुजरातेत पाठवण्याचे ठरले, तेव्हा इतर ठिकाणचे काही हत्ती गेले. कमलापूरच्या लोकांनी मात्र विरोध केला. त्यांनी हत्ती विकत घेतलेले नव्हते, त्यांच्या नावावर कसला दस्त नव्हता, पर्यटनातून होणारी त्यांची मिळकतही बेताची होती. तरीही हे हत्ती आमच्या गावचे आहेत, ते येथेच राहतील, असे त्यांनी सांगितले, आणि शासनाला ते ऐकावे लागले. हत्ती कमलापुरातच आहेत.